पाऊण मिलिग्रॅम हवेचा हिशेब

कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या विभागात दिवसाचे रुग्ण संपले, की ठरावीक दिवशी एक निराळेच काम सुरू होते. लिनिअर ॲक्सिलरेटर या किरण सोडणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलण्यातील ‘लिनॅक’च्या, टेबलावर रुग्णाऐवजी पाण्याने भरलेली ॲक्रिलिकची टाकी ठेवली जाते. पाण्याच्या पृष्ठभागाखाली बरोबर १० सेंटिमीटरवर पेन्सिलीएवढ्या जाडीची, ग्रॅफाइटच्या पातळ भिंतीची एक नळी आडवी बसवतात आणि तिची केबल जाड काँक्रीटच्या भिंतींना वळसा घालून बाहेरच्या खोलीतील इलेक्ट्रोमीटरला, म्हणजे सूक्ष्म विद्युतभार मोजणाऱ्या उपकरणाला, जोडतात. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ बटण दाबतात, यंत्र थोडा वेळ किरण सोडून थांबते आणि इलेक्ट्रोमीटरवर पंधरा-वीस नॅनोकूलंबांच्या घरातला एक आकडा उरतो. त्या यंत्रावर उपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा डोस शेवटी या आकड्याशी बांधलेला असतो, आणि आकडा येतो तो नळीच्या पोकळीतील ०.६ घन सेंटिमीटर हवेतून. या हवेचे वजन जेमतेम पाऊण मिलिग्रॅम भरते.

ही नळी म्हणजे आयनीकरण कक्ष. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक फार्मर यांनी १९५५ साली मांडलेली तिची रचना इतकी रुळली, की जगभर ती ‘फार्मर चेंबर’ म्हणूनच ओळखली जाते. रचना साधी आहे. ग्रॅफाइटची भिंत हा एक इलेक्ट्रोड, मधोमध असलेली ॲल्युमिनियमची बारीक काडी हा दुसरा, आणि दोहोंमध्ये साधारण ३०० व्होल्टचे विभवांतर. क्ष-किरणांमुळे पाण्यात आणि भिंतीत वेगवान इलेक्ट्रॉन सुटतात, ते पोकळीतून जाताना हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढतात आणि मागे धन आयन राहतात. व्होल्टेज नसते, तर या जोड्या पुन्हा एकत्र येऊन हवा पूर्ववत झाली असती. व्होल्टेजमुळे धनभार एकीकडे आणि ऋणभार दुसरीकडे ओढला जातो आणि केबलमधून प्रवाह वाहू लागतो.

कोरड्या हवेत आयनांची एक जोडी निर्माण व्हायला सरासरी सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी-जास्त असली तरी ही सरासरी फारशी हलत नाही. या पद्धतीचा सगळा भरवसा येथे आहे, कारण जमा झालेला विद्युतभार मोजला की हवेने किती ऊर्जा शोषली ते गुणाकाराने निघते आणि तिला हवेच्या वस्तुमानाने भागले की डोस मिळतो. एक ग्रे म्हणजे किलोग्रॅममागे एक ज्यूल. पाऊण मिलिग्रॅम हवेला एक ग्रे डोस मिळाला, तर सुमारे २० नॅनोकूलंब भार, म्हणजे साधारण सव्वाशे अब्ज जोड्या निर्माण होतात. संख्या मोठी वाटते खरी, पण त्या पोकळीत रेणूच इतके असतात, की दर बारा कोटींमागे जेमतेम एकाचे आयनीभवन झालेले असते.

व्होल्टेज किती ठेवावे, यातही मेख आहे. ते कमी असेल तर काही आयन इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याआधीच एकमेकांना गाठतात आणि हिशेबातून निसटतात. ते वाढवत नेले की प्रवाह वाढतो आणि मग एका मर्यादेशी जवळजवळ स्थिर होतो, कारण निर्माण झालेला बहुतेक सगळा भार आता गोळा होत असतो. या अवस्थेला संपृक्तता म्हणतात आणि आयनीकरण कक्ष तिथेच चालवला जातो. आणखी पुढे गेल्यास सुटे इलेक्ट्रॉन इतके वेग घेतात, की स्वतःच नव्या जोड्या निर्माण करू लागतात. गायगर-म्युलर गणक जोड्यांच्या याच साखळीचा उपयोग करून घेतो, आणि म्हणून तो एकेका कणाची टिकटिक ऐकवतो. लोकांना किरणोत्सार म्हटले की ती टिकटिक आठवते, पण लिनॅकपुढे तो गणक निरुपयोगी ठरतो. लिनॅकचे किरण काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांनी, सेकंदाला शेकडो वेळा येतात, आणि एका स्पंदात कोट्यवधी फोटॉन आले तरी गायगर गणकाच्या लेखी ती एकच टिकटिक असते. कक्षाला मोजणी करायचीच नसते, तो केवळ भार साठवत जातो.

हे तत्त्व आज वैद्यकात वापरले जाते, पण त्याचा पहिला मोठा पराक्रम रुग्णालयाबाहेरचा होता. पॅरिसमध्ये मारी क्युरी यांनी ८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन धातूच्या तबकड्या ३ सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांच्यात १०० व्होल्टचे विभवांतर दिले, खालच्या तबकडीवर खनिजाची पूड पसरली आणि हवेतून वाहणारा प्रवाह मोजला. तो अँपिअरच्या अब्जांशाच्याही शंभराव्या भागाच्या आसपास होता. मारी यांचे पती प्येर आणि प्येर यांचे बंधू जाक यांनी शोधलेल्या दाबविद्युत परिणामावर आधारलेले क्वार्ट्झचे उपकरण नसते, तर इतका क्षीण प्रवाह हाती लागला नसता. पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजाच्या काही नमुन्यांनी शुद्ध युरेनियमच्या तिप्पट-चौपट प्रवाह दिला, त्यावरून त्यात आणखी काही तरी असणार हे उघड झाले, आणि १८९८ साली पोलोनियम व रेडियम यांची घोषणा झाली. माझ्या मते मूलद्रव्ये हवेच्या विद्युतवाहकतेवरून ओळखली जाणे ही त्या शोधातील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते.

किरणोत्साराच्या जागी सुरक्षा तपासणीसाठी वापरतात त्या हातातील मीटरमध्ये प्रवाह असाच क्षीण असल्याने मोठा कक्ष लागतो. अर्धा लिटर हवेतही तासाला एक मायक्रोग्रे इतक्या पातळीला जो प्रवाह मिळतो तो पाच फेम्टोअँपिअर, म्हणजे सेकंदाला तीसेक हजार इलेक्ट्रॉन. दमट हवेत इन्सुलेटरवरून होणारी गळती याहून सहज जास्त असू शकते, त्यामुळे पावसाळ्यात अशा मीटरच्या वाचनाकडे जरा संशयाने पाहावे लागते.

फार्मर चेंबरची अडचण निराळी आहे. तो बंद नसतो, एका सूक्ष्म वाटेने बाहेरच्या हवेशी जोडलेला असतो, त्यामुळे पोकळीतील हवेचे वस्तुमान त्या दिवशीच्या तापमानावर आणि दाबावर ठरते. प्रमाण मानले जाते ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब. तापमान तीन अंशांनी चढले, की वाचन एक टक्क्याने उतरते. मुंबईत दाबाचा फरक किरकोळ असतो, पण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असलेल्या पुण्यात प्रत्यक्ष दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. २५ अंशांच्या खोलीत तिथे वाचनाला सुमारे १.०८५ ने गुणावे लागते.

येथेच एक फसगत दबा धरून असते. मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमध्ये पुण्याचा दाब १०१० दिसतो, कारण हवामानशास्त्रात दाब समुद्रसपाटीला आणून सांगण्याची रीत आहे. बॅरोमीटर बिघडला म्हणून कोणी हा आकडा वापरला, तर डोस खऱ्यापेक्षा सहा टक्के कमी निघेल, आणि तो बरोबर करण्यासाठी यंत्र वाढवून ठेवले जाईल. किरणोपचारात एकूण चूक पाच टक्क्यांच्या आत राहावी अशी अपेक्षा असते. ती सगळी सवलत एका आकड्याने खाल्लेली असेल, आणि यंत्रावर कोणताही लाल दिवा लागणार नाही.

दाब आणि तापमान नीट घेतल्यावरही वाचनाचा डोस होतो तो गुणकाने. भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रयोगशाळेत किरणोत्सारी कोबाल्ट-६० च्या ज्ञात किरणांपुढे ठेवून प्रत्येक चेंबरचा स्वतःचा गुणक ठरवला जातो, कारण पोकळीचे घनफळ हव्या त्या अचूकतेने थेट मोजता येत नाही. त्यात किरणांच्या ऊर्जेसाठी, व्होल्टेजची ध्रुवता उलटल्यावर पडणाऱ्या फरकासाठी आणि निसटलेल्या आयनांसाठी दुरुस्त्या होतात. शेवटची दुरुस्ती काढायला तेच वाचन ३०० आणि १०० व्होल्टवर घेऊन ताडून पाहतात.

गंमत अशी, की लिनॅकच्या डोक्यातही किरणांच्या वाटेवर दोन पातळ कक्ष बसवलेले असतात. ठरलेला भार जमला की पहिला यंत्र बंद करतो, आणि तो चुकला तर दुसरा. अनेक यंत्रांत हे कक्ष हवाबंद असतात. त्यांपैकी पहिल्याचे सील गळू लागले, तर त्यातील हवा बाहेरच्या दाबाबरोबर बदलू लागते: आषाढात दाब उतरला की आतली हवा विरळ होते, ठरलेला भार जमायला जास्त किरण लागतात आणि रोज सकाळच्या तपासणीत डोस टक्काभर चढलेला दिसतो. हिवाळ्यात तो पुन्हा उतरतो. रोजच्या नोंदींचा आलेख बॅरोमीटरच्या उलट चालीने जाताना दिसला, की त्या कक्षाचे सील तपासायला अभियंत्याला बोलावतात.