सहा वर्षांचा सेनापती आणि मेंदूचे वेळापत्रक

अवकाशातल्या शाळेकडे निघालेल्या यानात वजन नाहीसे होते, सोबतच्या मुलांना वर कोणते आणि खाली कोणते हे कळेनासे होते, आणि सहा वर्षांचा अँड्र्यू विगिन, ज्याला सगळे एन्डर म्हणतात, तेवढ्यात मनातल्या मनात दिशा फिरवून पाहू लागतो. समोरचा अधिकारी उभा नसून उलटा लटकला आहे असे धरले तर? ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या ‘एन्डर्स गेम’ या कादंबरीतला हा प्रसंग छोटाच आहे, पण या मुलाची बुद्धी नेमकी कशी चालते हे त्यातून कळते. १९७७ साली कथा म्हणून छापली गेलेली आणि १९८५ साली कादंबरीच्या रूपात आलेली ही कृती ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळवून गेली, आणि अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाच्या वाचनयादीतही तिला जागा मिळाली. परग्रहावरच्या शत्रूशी लढण्यासाठी सेनापती हवा आणि तो लहान मुलांतून घडवायचा, अशी तिची कल्पना आहे. ही कल्पना बालमनाच्या विज्ञानाशी कुठे जुळते आणि कुठे अंगावर येते, हे पाहण्यासारखे आहे.

आधी दिशेचे पाहू. आपल्या अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. गुरुत्वाकर्षणामुळे ते खालच्या संवेदी पेशींवर दाब देतात आणि त्यावरून मेंदूला ‘खाली’ कुठे हे समजते. वजनरहित अवस्थेत हा दाब उरत नाही, डोळे एक सांगतात आणि कान दुसरेच, आणि म्हणूनच निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिल्या काही दिवसांत मळमळ सोसावी लागते. अशा वेळी मेंदू डोळ्यांवर विसंबतो, आणि एखादा सहकारी उलटा तरंगताना दिसला की आपणच उलटे झालो असे एकाएकी वाटू शकते. एन्डर हा पालट आपल्या ताब्यात घेतो. शाळेतल्या लढाईच्या दालनात, म्हणजे जिथे मुलांच्या तुकड्या वजनरहित अवस्थेत एकमेकींशी सरावाची लढाई खेळतात तिथे, तो समोरच्या तुकडीचे दार ‘खाली’ आहे असे ठरवतो. त्यामुळे त्याच्या तुकडीतली मुले पाय पुढे करून त्या दिशेने झेपावतात आणि प्रतिपक्षाला नेम धरायला फारच थोडे शरीर दिसते.

इतक्या लहान मुलाला हे साधेल का? एका मर्यादित क्षेत्रात मूल मोठ्यांना मागे टाकू शकते, एवढे नक्की सांगता येते. मिशेलिन ची या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी मला फार मोलाचा वाटतो. स्पर्धांत बुद्धिबळ खेळणारी, साधारण दहा वर्षांची मुले एका बाजूला आणि खेळाची जेमतेम ओळख असलेली शिकलीसवरलेली मोठी माणसे दुसऱ्या बाजूला. मांडलेला पट थोडा वेळ दाखवायचा, झाकायचा, आणि रिकाम्या पटावर सोंगट्या आठवून लावायला सांगायचे. मुलांनी मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या बरोबर लावल्या. आकड्यांची रांग लक्षात ठेवायला सांगितली तेव्हा मात्र मोठी माणसेच पुढे राहिली. म्हणजे मुलांची स्मरणशक्ती एकंदरीत मोठी नव्हती. त्यांना पटावर सुट्या सोंगट्यांऐवजी ओळखीच्या रचना दिसत होत्या. संगीत, गणित आणि बुद्धिबळ या क्षेत्रांत बालप्रतिभा ठळकपणे दिसते, कारण तिथले नियम बांधलेले असतात आणि त्यांवर हुकूमत मिळवायला आयुष्याचा अनुभव फारसा लागत नाही. एन्डरचे दालन म्हणजे असाच बंदिस्त पट आहे, आणि कादंबरीचा हा भाग मला पटतो.

युद्धाचे तसे नाही. युद्धात परिणाम जोखावे लागतात, आणि त्यासाठी लागणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. बुद्धिमान मुलांमध्ये तो लवकर तयार होतो असे कुणालाही वाटेल, पण फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेले निष्कर्ष वेगळेच निघाले. सुमारे ३०० मुलांच्या मेंदूची वाढीच्या काळात चित्रे घेतल्यावर असे दिसले की सर्वांत वरच्या बुद्ध्यंकाच्या मुलांमध्ये मेंदूच्या पृष्ठभागाचा करडा थर सुरुवातीला तुलनेने पातळ असतो, तो अधिक काळ जाड होत राहतो आणि आपली कमाल जाडी इतरांपेक्षा उशिरा, अकराव्या वर्षाच्या आसपास, गाठतो. यावरून अशी मुले कमी समंजस ठरत नाहीत. मात्र तल्लख मूल म्हणजे लहान शरीरातला तयार प्रौढ, ही समजूत यापुढे टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी १८० च्या वर बुद्ध्यंक असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि तो हॉलिंगवर्थ यांच्या मृत्यूनंतर, १९४२ साली, ग्रंथरूपाने आला. त्यांनाही हेच जाणवले होते की अशा मुलाची बुद्धी आणि भावना एका वयाच्या नसतात, आणि त्याची ओढाताण नेमकी तिथेच होते.

कादंबरीतल्या अधिकाऱ्यांना ही तफावत पक्की ठाऊक आहे, आणि तीच ते वापरतात. एन्डरला एकटे पाडले जाते, मोठ्या मुलांकडून मार बसत असताना मुद्दाम मदत पाठवली जात नाही, आणि स्वतःला वाचवताना दोन मुले आपल्या हातून मेली हे त्याच्यापासून लपवले जाते. दुसऱ्याचे मन ओळखण्याची त्याची ताकद एवढी मोठी आहे की शत्रूला पुरते समजून घेताना त्याला त्याच्याबद्दल मायाही वाटते. असे मूल जाणूनबुजून संहार करणार नाही हे ओळखून त्याला खरे युद्ध खेळ म्हणून दिले जाते. खऱ्या जगात मुलांना प्रत्यक्ष लढाईत उतरवण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी २००० साली वेगळा करार स्वीकारला आणि त्यात अठरा वर्षांची मर्यादा घातली.

शेवटच्या परीक्षेपर्यंत एन्डरची झोप पार मोडलेली असते. झोपेत तो स्वतःचाच हात चावतो आणि जागा होतो तेव्हा रक्त आलेले असते. अपुऱ्या झोपेचा फटका विवेकाला बसतो, हे प्रौढांच्या बाबतीतही खरे आहे. समोरच्या पडद्यावर शत्रूची जहाजे मोजता येऊ नयेत इतकी आहेत, आणि थकून गेलेला हा मुलगा असा विचार करतो की आपण नियम मोडून सबंध ग्रहच उडवला तर हे लोक आपल्याला सेनापती करणार नाहीत, आपली सुटका होईल. तो ग्रह उडवतो. मागे उभी असलेली मोठी माणसे रडू लागतात, काही जण गुडघ्यांवर बसतात, आणि त्याला ते का रडत आहेत हे कळत नाही.