दोन टिलवे आणि एका नावाचा घोळ : नांदूर मधमेश्वरच्या काठावरील पक्षी-ओळखीची पार्श्वभूमी

छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या पाणथळीच्या चिखलात वावरणाऱ्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन्ही चिमुकल्या पक्ष्यांचे शास्त्रीय वर्णन १८१२ साली एकाच जर्मन अभ्यासकाने केले. त्या काळी पक्षी बंदुकीने पाडून हातात घेतला जाई आणि शेपटीची बाहेरची पिसे राखाडी की पांढरीशुभ्र, एवढे पाहिले की निकाल लागे. छोटा कंठेरी चिखल्या या काठावरच्याच दुसऱ्या पक्ष्याबाबत मात्र शंका राहिलीच असावी, कारण १७८६ साली त्याच्या शास्त्रीय नावात घातलेला ‘संशयास्पद’ या अर्थाचा लॅटिन शब्द आजही तसाच आहे.

नाशिक जिल्ह्यात हे दोन टिलवे वेगळे ओळखण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी व चिखलाची बेटे तयार झाली आणि १९८६ साली तेथे अभयारण्य घोषित झाले. बंदूक केव्हाच मागे पडली होती. आता जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटरचा पक्षी दुर्बिणीतून, दूरच्या काठावर, उन्हाच्या झळांतून ओळखायचा होता. शेपटीची पिसे उडतानाच दिसतात, म्हणून सारी भिस्त पायांच्या रंगावर आली : छोट्या टिलव्याचे काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर-हिरवट. हे लक्षण खरे असले तरी आपल्याकडच्या काळ्या मातीत ते अनेकदा निकामी होते, कारण गाळात पाऊल बुडवून बाहेर काढलेला कोणताही टिलवा काळ्या पायांचाच दिसतो. माझ्या मते पायांआधी चाल पाहावी. छोटा टिलवा थव्याने उघड्या चिखलावर पळत भराभर चोच मारतो. टेमिंकचा एकटा-दुकटा, गवताच्या कडेने, अंग चोरून सावकाश सरकतो आणि दचकला की किणकिणता आवाज काढत उंच चढतो.

याहून मोठी अडचण ‘टिलवा’ या शब्दानेच करून ठेवली आहे. मराठीत तो या चिमुकल्या पक्ष्यांसाठी वापरला जातो, तसाच त्यांच्या जवळपास दुप्पट लांबीच्या ‘लाल पायाचा’ आणि ‘हिरव्या पायाचा’ या टिलव्यांसाठीही. एका जोडीत विशेषण आकाराचे किंवा व्यक्तीच्या नावाचे, दुसरीत पायाच्या रंगाचे. परिणामी ‘हिरवट पायांचा टिलवा, एक’ अशी नोंद वहीत असेल, तर ती टेमिंकच्या टिलव्याची की हिरव्या पायाच्या मोठ्या टिलव्याची, हे नंतर वाचणाऱ्याला सांगता येत नाही. लहान पक्ष्यांसाठी वेगळा मराठी शब्द रूढ व्हायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते. तुतारी या काठावरच्याच दुसऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत असा गोंधळ झाला नाही : पंखाखालची बाजू काळपट असेल तर हिरवी तुतारी, फिकट असेल आणि भुवई डोळ्यामागे लांब गेलेली असेल तर ठिपकेवाली, हे डिजिटल कॅमेरा आल्यापासून एका छायाचित्रातही ठरते.

जानेवारीतील पाणपक्षी गणना आशियात १९८७ पासून होते, आणि २०२० साली ही पाणथळ रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, समाविष्ट झालेली महाराष्ट्रातील पहिली जागा ठरल्यापासून येथील प्रत्येक आकड्याचे वजन वाढले आहे. न ओळखलेले लहान पक्षी एकाच गट-नोंदीखाली टाकावेत की जवळच्या जातीत मोजावेत, हा वाद त्यामुळेच तीव्र होतो. दुसरा मार्ग सोयीचा असला तरी चुकीचा आहे : थव्यातील शेकडो पक्षी ‘छोटा टिलवा’ म्हणून मोजले, की काठाच्या गवतातून चालणारे दोन-तीन टेमिंकचे टिलवे त्यातच मिसळून जातात, आणि मुळातच विरळ दिसणाऱ्या जातीची त्या हिवाळ्यातील नोंद कोरी राहते.