टाचेची शीर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते

सोमवारी सकाळी पलंगावरून उतरले आणि डावा पाय नीट टेकवेना. टाचेच्या मागे, चार बोटं वर, कुणीतरी दोरी आवळून बांधल्यासारखं वाटत होतं. भिंतीला धरून, तळपाय सपाट ठेवत न्हाणीघर गाठलं. दहा-बारा पावलं टाकल्यावर ती दोरी सैल झाली आणि चहा होईपर्यंत तर मी दुखणं विसरूनही गेले. शनिवारी स्वीडनमधल्या माझ्या शहराची, गोथेनबर्गची अर्धमॅरेथॉन धावले होते. एल्व्सबोरीच्या उंच पुलाचा चढ, पुढे तेवढाच उतार, शेवटी गर्दीतून मारलेली धाव, या सगळ्यात पाय एकदाही कुरकुरला नव्हता. रविवारी पोटरी जरा जड वाटली, एवढंच. दुखलं ते सोमवारी.

हा उशीर लक्षात ठेवा. पुढच्या नऊ महिन्यांत मी या शिरेबद्दल जे काही शिकले, त्याचा धागा या उशिरातच आहे.

आपण तिला 'शीर' म्हणतो, पण तिच्यातून रक्त वाहत नाही. शास्त्रीय मराठीत ती कंडरा, डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅकिलीस टेंडन. स्वीडिशमध्ये तिला 'हेलसेना' म्हणतात, म्हणजे सरळ 'टाचेची कंडरा'. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात: वर दिसणारा फुगीर गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली दडलेला, चपटा पण फार कष्टाळू सोलियस. या दोघांचं बळ एका जाड पट्ट्यात एकवटतं आणि तो पट्टा टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतो. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. शरीरातली ही सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट कंडरा.

ती नुसती दोरी नाही, स्प्रिंग आहे. १९८७ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. सत्तर किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावत असेल, तर प्रत्येक पावलाला त्याच्या शरीराची सुमारे १०० ज्यूल ऊर्जा उतरते आणि पुन्हा चढते. त्यातली ३५ ज्यूल ही एकटी शीर ताणली जाताना साठवते आणि पाय उचलताना बव्हंशी परत देते. तळपायाची कमान आणखी १७ ज्यूलचा भार उचलते. म्हणजे त्या १०० ज्यूलमधला निम्मा भार या दोन स्प्रिंगा उचलतात.

त्याची किंमत ताणात मोजावी लागते. फिनलंडच्या पावो कोमी यांनी जिवंत माणसाच्या शिरेभोवती बल मोजणारं छोटं बक्कल शस्त्रक्रियेने बसवलं आणि त्याला धावायला लावलं. वेगात धावताना ताण ९,००० न्यूटनपर्यंत गेला, शरीराच्या वजनाच्या साडेबारा पट. जवळजवळ ९०० किलोचं ओझं, एका पायाच्या एका शिरेवर, तेही प्रत्येक पावलाला.

मी त्या सोमवारनंतर जे केलं, ते बहुतेक सगळेच करतात. साताऱ्याहून आईचा फोन आला. "अगं, आंबेहळद उगाळून लाव आणि पाय वर करून गप्प बस." लेप लावला. इथल्या एका डॉक्टरांनी 'टेंडनायटिस' म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. तीही घेतली. सहा आठवड्यांनी पाय अगदी शांत होता. पळायला गेले, तीनच किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाशी तीच दोरी, या वेळी आणखी घट्ट.

चूक त्या 'आयटिस'पासूनच सुरू होते. आयटिस म्हणजे दाह. पण महिनोन्महिने दुखणाऱ्या अशा शिरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर नेहमीच्या दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत. सापडतात ते विस्कटलेले धागे. निरोगी शिरेत कोलॅजन या प्रथिनाचे तंतू नीट वळलेल्या सुंभासारखे एका दिशेने जातात. दुखऱ्या शिरेत ते आडवेतिडवे होतात, मधे पाणी धरणारे रेणू साचतात, शीर जाड होते, तिथे नको असलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत मज्जातंतू शिरतात. म्हणून आता तज्ज्ञ या दुखण्याला 'टेंडिनोपथी', म्हणजे नुसतं 'कंडरेचा विकार', म्हणतात. विश्रांतीने दुखणं निवतं, पण विस्कटलेले धागे आपोआप रांगेत येत नाहीत. उलट ओझं न मिळाल्याने पोटरी आणि शीर दोन्ही दुबळ्या होतात, आणि परत धावायला लागलो की तेच ओझं आता जास्त दुबळ्या शिरेवर पडतं.

धागे इतके हळू का सुधारतात, याचं उत्तर अणुबाँबच्या चाचण्यांनी दिलं. १९५५ ते १९६३ या काळात हवेत झालेल्या चाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, जवळपास दुप्पट झाला. तो वनस्पतींत, अन्नात आणि आपल्या शरीरात उतरला, आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू कमी होत गेला. त्यामुळे शरीरातला एखादा भाग कोणत्या वर्षांत घडला, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून सांगता येतं. २०१३ मध्ये कात्या हाइनेमायर आणि इतर डॅनिश संशोधकांनी अ‍ॅकिलीस शिरेचा गाभा असा तपासला. निष्कर्ष वाचून मी थक्क झाले होते: हा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. एक्केचाळीस वर्षांची मी ज्या शिरेवर स्वीडनमध्ये धावत होते, ती साताऱ्यात शाळेला चालत जाताना, लंगडी खेळताना विणली गेली होती. पुढे २०१८ मध्ये याच पद्धतीने दुखऱ्या शिरा तपासल्या, तेव्हा त्यांच्यात कोलॅजनची उलाढाल दुखणं जाणवायच्या कितीतरी वर्षं आधीपासून सुरू झालेली दिसली. म्हणजे माझ्या सोमवारची सुरुवात त्या शनिवारी झाली नव्हती.

मग उपाय काय? तो सापडला याच देशात, उत्तरेला उमेओ शहरात, आणि फार विलक्षण रीतीने. होकान आल्फ्रेडसन हे अस्थिशल्यविशारद, स्वतः धावणारे. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांची शीर इतकी दुखू लागली की त्यांनी वरिष्ठांकडे शस्त्रक्रिया मागितली. नकार मिळाला. शीर तुटलीच तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, असा विचार करून ते पायरीच्या कडेला उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम करू लागले, दुखेल तितका, दुखत असूनही. शीर तुटली नाही. काही आठवड्यांत दुखणंच कमी होत गेलं.

१९९८ मध्ये त्यांनी हा प्रयोग १५ हौशी धावपटूंवर केलेला प्रसिद्ध झाला. रोज सकाळ-संध्याकाळ, गुडघा सरळ ठेवून १५-१५ च्या तीन फेऱ्या आणि गुडघा वाकवून तेवढ्याच. दिवसाला १८०. बारा आठवडे. सोपं झालं की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचं. पंधराही जण पुन्हा धावू लागले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या १५ जणांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. अभ्यास लहान होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि नंतरच्या अभ्यासांत इतकं झळझळीत यश आलं नाही. तरी मुख्य गोष्ट टिकली: या शिरेचं औषध ओझं आहे. २०१५ मध्ये कोपनहेगनमधल्या संशोधकांनी आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजन घेऊन सावकाश टाच उचलण्या-सोडण्याचा कार्यक्रम तपासला. तोही तितकाच लागू पडला, आणि लोकांनी तो जास्त नेमाने केला. मला हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. जोरदार व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास शिरेत कोलॅजनची मोड जास्त होते आणि त्यानंतर बांधणी वरचढ ठरते. मधला दिवस मोकळा सोडला तर गवंड्याला काम करायला वेळ मिळतो.

पण दुखत असताना ओझं किती द्यायचं? माझ्या मनातला खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर माझ्याच शहरात तयार झालेलं होतं. कारिन ग्रेवारे सिल्बरनागेल आणि त्यांच्या गोथेनबर्गमधल्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३८ रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही तोच व्यायाम. एका गटाला पहिले सहा आठवडे धावणं-उड्या बंद, दुसऱ्याला परवानगी, पण एका मोजपट्टीवर. शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट दुखणं. पाचपर्यंत चालेल. मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवलं पाहिजे, आणि सकाळचा ताठरपणा आठवड्यागणिक वाढता कामा नये. दोन्ही गट सारखेच बरे झाले. धावणाऱ्यांचं नुकसान झालं नाही.

माझ्या फिजिओने हे समजावलं, तेव्हा पहिल्यांदा मला त्या उशिराचा अर्थ लागला. धावताना पाय गरम होतो, दुखणं मावळतं, आणि आपण त्या क्षणाला पायाचं मत समजतो. शिरेचं मत दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला कळतं. त्या दिवसापासून पलंगाशेजारी एक वही ठेवली. रोज उठल्यावर एक आकडा. चार. चार. तीन. पाच (काल टेकडी जास्त झाली). तीन.

आमच्या इमारतीच्या जिन्यात तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमध्ये दगडी पायरीची कड झिजून गोल झाली आहे. तिथेच माझी जागा. दोन्ही चवडे कडेवर, टाचा अधांतरी. कठड्याला दोन बोटं, तोलापुरती. दोन्ही पायांवर वर जायचं, उजवा पाय उचलायचा, आणि डाव्या एकट्याने टाच खाली सोडायची, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजत. पहिल्या आठवड्यात दहाव्या वेळेला पोटरी थरथरू लागायची. मग सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी आली. मग दोन पिशव्या. गुडघा वाकवून केलं की तोच व्यायाम सोलियसवर जातो. धावताना पोटरीचं बरंचसं ओझं तोच पेलतो, म्हणून हा भाग गाळू नये.

इथे एक फरक सांगितलाच पाहिजे. माझं दुखणं शिरेच्या मधल्या भागात होतं, हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर. काहींचं नेमकं टाचेच्या हाडाशी दुखतं. त्यांनी टाच पायरीखाली सोडू नये. तसं केलं की शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं चिघळतं. त्यांनी सपाट जमिनीवरच टाचा उचलाव्यात, आणि पोटरी ताणण्याचा मोह आवरावा.

हिवाळा आला तेव्हा माझा आकडा दोनवर होता. आता स्कीचा प्रश्न. डोंगरउतारावरच्या स्कीत ताठ बूट घोटा घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे शिरेला काम थोडं. मी करते ती सपाट जंगलातली लांब पल्ल्याची स्की. तिच्यात बूट फक्त बोटांपाशी अडकवलेला असतो, टाच मोकळी. धावण्यासारखा आदळून पाय टेकत नाही, ही मोठीच सवलत. पण चढावर पारंपरिक पद्धतीने जाताना स्की क्षणभर बर्फाला धरते आणि त्या क्षणात चवडा दाबून अंग पुढे फेकायचं असतं. ती झटक्याची ढकल थेट त्या शिरेतून जाते. शिवाय बुटाची मागची कडा नेमकी तिथेच घासते. म्हणून डिसेंबरभर मी जवळपास सगळं अंतर दोन्ही काठ्या एकदम रोवून, पोटाच्या आणि खांद्यांच्या जोरावर कापलं. पाय फक्त तोल सांभाळायला. जानेवारीत चढांवर पायाची ढकल आणली, आधी एका चढाला, मग दोन.

काही गोष्टी मात्र व्यायामाच्या आधी तपासाव्यात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं शिरेला इजा करू शकतात, ती तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे या गोळ्या जुलाबासाठी सर्रास, कधी चिठ्ठीशिवायही घेतल्या जातात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. ती घेत असताना टाच दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. शिरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये. दोन्ही पायांच्या शिरा न दुखता जाड, गाठाळ झाल्या असतील तर कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं, कारण काही घराण्यांत चालत आलेला कोलेस्टेरॉलचा विकार तिथे साठून दिसतो. आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखा खाडकन आवाज आला, चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असण्याची शक्यता आहे. पालथं झोपून पोटरी दाबली तर पाऊल हलायला हवं. हललं नाही तर थांबू नका, इस्पितळ गाठा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाचेच्या आणि शरीरातल्या इतर मिळून तुटलेल्या ८९१ कंडरा तपासल्या होत्या, त्यातल्या ९७ टक्के आधीपासूनच आतून झिजलेल्या निघाल्या, आणि त्यातल्या कित्येक माणसांना आधी काहीच दुखलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस स्कीवर मोरा गावाला गेले, ४५ किलोमीटर, म्हणजे तिथे संपणाऱ्या वासालोपेट या स्की शर्यतीच्या ९० किलोमीटरांच्या निम्मं अंतर. वाटेत कोमट ब्लूबेरीचं सूप प्यायले, शेवटच्या चढाला दोनदा थांबले. मोराच्या चर्चजवळच्या कमानीखालून जाताना पाय अजिबात दुखत नव्हता, पण त्यावर मी विश्वास ठेवला नाही. वही सोबत आणली होती. सकाळी खोलीत अजून अंधार असताना पाय पलंगाखाली सोडले, डावा आधी टेकला, आणि दाराशी जाऊन परत आले. फोन वाजला. साताऱ्यात तेव्हा दहा वाजले असतील. आईने हॅलोही म्हटलं नाही. "टेकला का गं पाय?"

वहीत एक लिहिला होता.