स्थायी समिती (महानगरपालिका)

महानगरपालिकेच्या खर्चाला मंजुरी देणारी, अंदाजपत्रक तपासणारी आणि हिशेबावर नजर ठेवणारी, नगरसेवकांमधून निवडलेली वैधानिक समिती. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याने शहराच्या कारभारासाठी महापालिका, स्थायी समिती आणि महानगरपालिका आयुक्त ही तीन प्राधिकरणे नेमली. पुढे त्यांत सुधार, शिक्षण, बेस्ट व प्रभाग समित्यांची भर पडली. तरी पैशाच्या बाबतीत स्थायी समितीचे स्थान वेगळेच राहिले. महापालिकेच्या तिजोरीच्या चाव्या तिच्या हाती असतात, असे वर्तमानपत्रे लिहितात. हे वर्णन ढोबळ मानाने योग्य आहे. मात्र व्यवसाय परवाने आणि शहराची सुरक्षितता या दोन विषयांत समितीचा अधिकार नेमका कोठवर पोहोचतो, याविषयी बराच गैरसमज आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याचा अधिक विस्ताराने विचार केला आहे.

समितीचे मूळ १८६५ नंतरच्या मुंबईत शोधावे लागते. त्या वर्षीच्या कायद्याने जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त मंडळींची महापालिका बनली आणि प्रत्यक्ष सत्ता आयुक्ताकडे गेली. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे, मंडया यांची कामे झपाट्याने केली, पण खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांची मोठी चळवळ उभी राहिली. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका लोकमताच्या उलट वाटावी अशी होती. दोष एका अधिकाऱ्याच्या हाती अंमलबजावणी असण्यात नसून त्याला जाब विचारणारे निवडून आलेले मंडळ नसण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अंमल एका जबाबदार अधिकाऱ्याकडे, पैशावरील नियंत्रण लोकप्रतिनिधींकडे, ही विभागणी आजच्या स्थायी समितीचाही पाया आहे.

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सदस्य करदात्यांनी निवडलेले, तर उरलेले जस्टिस मंडळींनी निवडलेले वा सरकारने नेमलेले होते. तिच्याबरोबर १२ जणांची ‘टाऊन कौन्सिल’ आली. तिचे आठ सदस्य महापालिकेने निवडायचे आणि चार सरकारने नेमायचे होते. अध्यक्षही सरकारनियुक्तच असे. १८८८ च्या अधिनियमात टाऊन कौन्सिलच्या जागी स्थायी समिती आली. तिची रचना जवळपास तीच, बारा सदस्य आणि आठ-चारची वाटणी, पण अध्यक्ष निवडण्याचा हक्क समितीला मिळाला. बदल लहान दिसतो. तरी बैठकीत कोणता विषय कधी घ्यायचा आणि कोणता पुढे ढकलायचा हे ठरवणारा माणूस आता सरकारचा राहिला नाही, म्हणून तो निर्णायक मानावा लागतो.

स्थायी समितीचे नाते इंग्लंडमधील ‘वॉच कमिटी’शी जोडता येईल काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. १८३५ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील सनदी नगरांना अशी समिती नेमणे बंधनकारक केले. पोलीस दल उभारणे, शिपाई नेमणे व काढणे हे तिचे काम होते आणि अनेक नगरांत अग्निशमन व काही परवानेही तिच्याकडे आले. विषयांचे साम्य लक्षणीय आहे, पण अधिकाराचे स्वरूप वेगळे आहे. वॉच कमिटी स्वतः अंमल करी. मुंबईच्या समितीला तो अधिकार कधीच नव्हता. सदस्यसंख्या व नेमणुकीची पद्धत पाहता तिचा वारसा टाऊन कौन्सिलकडून आला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. १८८८ च्या अधिनियमाचे जनकत्व मेहता यांना देण्याची प्रथा आहे. मूळ विधेयक मात्र सरकारी होते. मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विधिमंडळात त्याला वळण दिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

शहराच्या सुरक्षिततेचा खर्च कोणी सोसायचा, हा एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा सर्वांत चिवट वाद होता. शहर पोलिसांवर हुकूमत सरकारची होती आणि त्यांच्या खर्चाचा मोठा भार महापालिकेवर होता. ज्या दलाच्या नेमणुकीत वा शिस्तीत आपला शब्द चालत नाही त्याच्यासाठी करदात्यांचा पैसा का द्यावा, ही तक्रार प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी निघे. सरकारची बाजू अशी की पोलिसांचा लाभ शहरालाच होतो. पोलिसांचा खर्च सरकारने घ्यावा आणि बदल्यात महापालिकेने प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीचा भार उचलावा, अशी तडजोड दीर्घकाळ चर्चेत राहिली. अखेर १९०७ च्या पोलीस खर्चविषयक कायद्याने ती अमलात आली. मुंबई महापालिकेच्या शाळा व रुग्णालयांचा आजचा पसारा पाहताना या अदलाबदलीची आठवण ठेवली पाहिजे. त्यानंतर सुरक्षिततेच्या नावाखाली स्थायी समितीपुढे मुख्यतः एकच मोठे खाते उरले, ते म्हणजे अग्निशमन दल.

अग्निशमन पूर्वी पोलिसांच्या कामाचा भाग होते. १८८७ च्या सुमारास ते महापालिकेचे काम झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील स्फोटांत दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. बंब, शिड्या, श्वसनयंत्रे, नवी केंद्रे यांची खरेदी व बांधकामे ठरावीक रकमेच्या पुढे गेली की स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय कंत्राट देता येत नाही. मुंबईच्या अधिनियमातील कलम ६९ (क) आणि मुंबईखेरीज राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ७३ (क) यांत ही तरतूद आहे. रकमेची मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली आहे.

परवान्यांची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या अधिनियमातील कलम ३९४ नुसार काही वस्तूंचा साठा आणि काही धंदे परवान्याशिवाय करता येत नाहीत. उपाहारगृह, बेकरी, पिठाची गिरणी, ज्वालाग्राही मालाचा साठा अशी त्यांची यादी अधिनियमाच्या परिशिष्टात आहे. १९४९ च्या अधिनियमात याच विषयासाठी कलम ३७६ आहे. दोन्ही ठिकाणी परवाना देतात ते आयुक्त, म्हणजे व्यवहारात त्यांच्या वतीने अनुज्ञापन खाते वा विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकारी. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही आयुक्तांचाच. एखाद्या दुकानदाराचा अर्ज स्थायी समितीपुढे येत नाही आणि येऊही नये. लोकप्रतिनिधींनी धोरण व पैसा पाहावा, माणसागणिक निवाडा करू नये, ही अधिनियमाची रचना दूरदृष्टीची आहे. समिती व सभागृह (सर्व नगरसेवकांची सभा) यांचा हात पोहोचतो तो शुल्काच्या दरापर्यंत. दर आयुक्त सुचवतात, त्याला निवडून आलेल्या मंडळाची संमती लागते.

हे शुल्क ‘फी’ आहे की कर, याचा काथ्याकूट न्यायालयांत बराच झाला. शिरूर मठ खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शुल्काच्या बदल्यात काही सेवा मिळाली पाहिजे. तो मोबदला नसेल तर ते शुल्क राहत नाही. कलकत्ता महापालिकेने चित्रपटगृहांचे परवाना शुल्क प्रत्येक खेळाच्या हिशेबाने वाढवले तेव्हा लिबर्टी सिनेमा प्रकरणात (१९६४) न्यायालयाने बहुमताने ती आकारणी कर ठरवली, पण वैध मानली. पुढे न्यायालयाची भूमिका सैलावली. हैदराबाद-सिकंदराबादच्या हॉटेलचालकांच्या खटल्यात (१९९९) असे ठरले की नियमनासाठीच्या परवाना शुल्काला मोबदल्याचा काटेकोर हिशेब लागत नाही. मात्र ते अवाजवी नसावे. अंदाजपत्रकाच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. परवान्यातून आलेला पैसा त्याच धंद्यांच्या तपासणीवर खर्चलाच पाहिजे असे बंधन नाही. उपाहारगृहांकडून जमलेली रक्कम सर्वसाधारण निधीत जाते आणि अग्निशमन दलाला किती मिळेल हे दरवर्षी नव्याने ठरते. परवाना आणि सुरक्षितता या दोहोंची गाठ पडते ती फक्त येथे, अंदाजपत्रकाच्या पानांवर. म्हणूनच समितीच्या अंदाजपत्रकीय चर्चेला महत्त्व आहे.

परवान्यांचे क्षेत्र अलीकडे आक्रसत गेले आहे. ‘गुमास्ता’ म्हणून ओळखली जाणारी दुकाने व आस्थापनांची नोंदणी १९४८ च्या कायद्याखाली सर्वांना घ्यावी लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना केवळ माहिती कळवणे पुरेसे केले. फेरीवाल्यांचा विषय २०१४ च्या केंद्रीय कायद्याने नगर पथविक्रेता समितीकडे गेला. तिचे अध्यक्ष आयुक्त असतात. करमणुकीच्या जागांचे परवाने पोलिसांकडे आणि मद्याचे उत्पादन शुल्क विभागाकडे आहेत. आगीपासून संरक्षणासाठी २००६ चा राज्य अधिनियम डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीचा मालक वा भोगवटादार याने अग्निरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैत, परवानाधारक संस्थेमार्फत द्यायचे असते. २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला, तेव्हा एकाच जागेसाठी किती खात्यांची कागदपत्रे लागतात आणि त्यांतले कोणते प्रत्यक्ष तपासले जाते, हा प्रश्न ऐरणीवर आला. ते परवाने स्थायी समितीच्या अधिकारातले नव्हते, पण तपासणीसाठी माणसे किती नेमायची हा खर्चाचा प्रश्न तिच्या कक्षेतला होता आणि आहे.

अंदाजपत्रकाची पद्धत सर्वपरिचित आहे, त्यामुळे थोडक्यात. मुंबईत आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाज समितीला सादर करतात. समिती त्यात फेरफार करते, अध्यक्ष तो सभागृहात मांडतात आणि ३१ मार्चपूर्वी तो मंजूर होतो. आयुक्त बैठकीत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. समितीची बैठक आठवड्यातून एकदा होते. विषय मंजूर करणे, राखून ठेवणे, फेरविचारासाठी परत पाठवणे किंवा दप्तरी दाखल करणे, असे मार्ग तिच्यापुढे असतात. मुख्य लेखापरीक्षकाचे अहवालही समितीपुढेच येतात. या कामाकडे सदस्यांचे लक्ष सर्वांत कमी असते, ही खेदाची गोष्ट आहे. पुण्यात आयुक्तांच्या अंदाजपत्रकात समितीने उत्पन्नाचे आकडे वाढवून प्रभागांतील कामांची भर घालण्याची रीत रूढ झाली. ‘स’ यादी म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्या यादीत बाक, कमानी, पदपथ यांना जागा मिळते. अग्निशमन केंद्रातील रिक्त पदे कोणत्याही एका प्रभागाची नसल्याने त्यांच्यासाठी सहसा कोणी उभे राहत नाही.

मुंबईच्या समितीत आता २७ सदस्य असतात. १९४९ च्या अधिनियमाखालील महापालिकांत १६ असतात. तेथे दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि पहिल्या वर्षी कोणी जायचे हे चिठ्ठ्या काढून ठरते. समितीने ठरावीक मुदतीत निर्णय न घेतल्यास कंत्राटाचा प्रस्ताव मंजूर झाल्याचे मानण्याची तरतूद आहे आणि राज्य शासन १९४९ च्या अधिनियमातील कलम ४५१ खाली ठराव विखंडित (रद्द) करू शकते. १९९८-९९ मध्ये मुंबई व नागपुरात महापौर परिषद पद्धत (अंमल महापौर व त्यांच्या मंडळाकडे देणारी) आणून पाहिली, पण ती टिकली नाही.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत स्थायी समिती अस्तित्वात नव्हती. तिचे व सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे होते. प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच, अशी ही स्थिती होती. २०२५-२६ चे सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक याच पद्धतीने मंजूर झाले. कामे अडली नाहीत, निर्णय लवकर झाले, असे या काळाचे समर्थन केले जाते. परंतु विलंब टाळणे हा स्थायी समितीचा हेतू १८७२ पासून कधीच नव्हता. करदात्यांच्या वतीने दर आठवड्याला कोणीतरी प्रश्न विचारावा, हा होता. राज्यातील इतर अनेक महापालिकाही या काळात प्रशासकांच्या हाती होत्या.

अन्य राज्यांतील रचना भिन्न आहे. कर्नाटकाच्या १९७६ च्या अधिनियमानुसार बेळगावसह तेथील महापालिकांत एकाऐवजी चार स्थायी समित्या असतात. त्यांपैकी एक कर, वित्त व अपिलांसाठी आणि एक लेख्यांसाठी असते. दिल्लीत १८ सदस्यांची एकच समिती असून त्यांतले १२ प्रभाग समित्यांतून येतात. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने महापौर परिषद स्वीकारली. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांमध्ये १९६१ च्या अधिनियमाखाली याच नावाची समिती असते. तिचे अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे असते आणि व्यवसाय परवान्यांशी तिचा फारसा संबंध येत नाही.