फाईल पोचली, हे कानाला कळायला हवं

संगणकावर फाईल पेस्ट केली, ती जाते आहे की अडकली आहे, हे डोळस माणसाला सरकणाऱ्या हिरव्या पट्टीवरून कळतं. दृष्टिबाधित माणसाला ती पट्टी ऐकू यावी लागते, आणि ती येतेही. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, कॉपी चालू असताना बीप देतो, आणि काम पुढे सरकेल तसा बीपचा स्वर चढत जातो. स्वर मध्येच थांबला तर फाईल वाटेत अडकली असावी. बीप येतच नसतील तर इन्सर्टसोबत यू दाबा. प्रत्येक दाबाला पर्याय बदलतो: बंद, बोलून टक्के, बीप, दोन्ही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रामरने २००६ साली सुरू केलेला हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो.

फोन आणि संगणक यांच्यात फाईल पाठवण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांतला एक निवडताना वेगाआधी हे तपासा की कोणत्या टप्प्यावर यंत्र गप्प बसतं. माणूस अडतो तो तिथेच.

केबलचं उदाहरण घ्या. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाईलच्या दुकानात नुसती ‘चार्जरची केबल’ मागितली तर कधीकधी फक्त वीज नेणारी केबल हातात पडते. साध्या यूएसबी केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन डेटाच्या असतात. स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा गाळलेल्या असू शकतात. हातांना दोन्ही सारख्याच लागतात, पण कानाला फरक कळतो. संगणकाला जोडल्यावर विंडोजने दोन सुरांचा ‘टुं-डुं’ आवाज केला तर केबल डेटाची आहे. फोन चार्ज होतो पण संगणक गप्प, तर केबल परत करा. म्हणून ‘डेटा केबल’ असंच मागावं आणि दुकानातल्या लॅपटॉपला जोडून आवाज ऐकूनच पैसे द्यावेत.

आवाज आला तरी काम संपत नाही. अँड्रॉइड फोन सुरक्षेसाठी सुरुवातीला फक्त चार्ज होतो, फाईल दाखवत नाही. ती परवानगी देण्याची सूचना ‘मूक’ वर्गातली असते, त्यामुळे टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर ती आपणहून वाचत नाही. फोन अनलॉक करा, पडद्याच्या वरच्या कडेवरून दोन बोटं खाली ओढा आणि उजवीकडे स्वाइप करत ‘यूएसबीने चार्ज होत आहे’ अशा अर्थाच्या ओळीपर्यंत जा. ती बहुधा यादीच्या तळाशी असते. डबल टॅपने ओळ उलगडते, पुन्हा डबल टॅप केल्यावर पर्याय उघडतात. त्यांतला ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा. सॅमसंगच्या फोनवर बहुधा थेट ‘परवानगी द्या’ अशी चौकट येते.

मग संगणकावर विंडोज की आणि ई दाबा, ‘धिस पीसी’मध्ये फोनचं नाव शोधा आणि एंटर दाबा. आत ‘इंटर्नल स्टोरेज’ आणि त्यात डाउनलोड फोल्डर. तिथे पोचायला बाण दाबत बसू नका, ‘डाउनलोड’ ऐकू येईपर्यंत डी दाबा. यादी रिकामी वाटली तर फाईली गेल्या असं समजू नका. बहुतेक वेळा फोन लॉक झालेला असतो. अनलॉक करून एफ ५ दाबा.

फोन पेनड्राइव्हसारखा वागत नाही याचं कारण एमटीपी नावाची पद्धत. पेनड्राइव्ह आपली सगळी साठवण संगणकाच्या ताब्यात देतो. एमटीपीत ताबा फोनकडेच राहतो. संगणक एकेक फाईल मागतो आणि फोन ती देतो, एका वेळी एकच काम. त्यामुळे फोनमधली फाईल संगणकावर तिथल्या तिथे उघडून दुरुस्त करता येत नाही, आधी संगणकावर कॉपी करावी लागते. शेकडो छोट्या फाईली एका मोठ्या फाईलपेक्षा कितीतरी सावकाश जातात, तेव्हा त्या एकत्र बांधून, त्यांची एकच झिप फाईल करून पाठवा. आणि कट कधीच वापरू नका. केबल हलली तर काम अर्धवट राहून फाईल गमावण्याचा धोका असतो. कॉपी करा, पोचलेली फाईल उघडून पाहा, मगच मूळची काढा.

केबलशिवायच्या मार्गांत अँड्रॉइडचं क्विक शेअर सर्वांत सोयीचं आहे. ते ब्लूटूथने जवळचं यंत्र शोधतं आणि फाईल वाय-फायने पाठवतं, म्हणून दोन्हीकडे दोन्ही चालू हवं. इथला गप्प टप्पा म्हणजे ‘स्वीकारा’ ही चौकट. स्वाइप करत तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती निघून जाऊ शकते. त्यावर उपाय आहे: फोन आणि संगणक दोन्हीकडे एकच गूगल खातं ठेवा आणि ‘तुमची उपकरणं’ हा पर्याय निवडा. मग न विचारता फाईल येते आणि डाउनलोडमध्ये जाऊन पडते. दुसऱ्याकडून घ्यायची असेल तर ‘सर्वजण’ निवडा; तो पर्याय १० मिनिटांनी आपोआप बंद होतो. संगणकावरच्या खिडकीत फाईल ओढून टाकायला सांगतात, पण ओढण्याची गरज नाही. टॅब दाबत गेलात की फाईल निवडण्याचं बटण लागतं.

ब्लूटूथ मी शेवटचा मार्ग मानतो. तासाभराच्या व्याख्यानाचं ६४ केबीपीएसचं (सेकंदाला ६४ किलोबिट) ध्वनिमुद्रण सुमारे २९ एमबीचं होतं. ब्लूटूथवर त्याला दोनेक मिनिटं लागतात, चांगल्या केबलवर एक-दोन सेकंद. शिवाय विंडोज ब्लूटूथची फाईल आपणहून घेत नाही. विंडोज की आणि आर दाबून एफ, एस, क्यू, यू, आय, आर, टी ही अक्षरं सलग टाइप करा, एंटर दाबा, ‘रिसीव्ह’ निवडा आणि त्यानंतरच फोनवरून पाठवा.

आयफोन केबलने विंडोजला जोडला तर एक्सप्लोररमध्ये फक्त फोटो आणि व्हिडिओ दिसतात. आधी फोनवर ‘ट्रस्ट’ दाबावं लागतं, ही चौकट आयफोनचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर वाचतो.

व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःलाच फाईल पाठवणंही चालतं, पण फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी करताना त्यातली अक्षरं अस्पष्ट होतात आणि मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर चुकतं.

फाईल सुखरूप पोचूनही वाचता न येण्याची दोन कारणं मराठीत वारंवार भेटतात. गंगापूर धरणाजवळच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याला मित्राने नोट्स स्कॅन करून पाठवल्या, तर त्या पीडीएफमध्ये अक्षरं नसून चित्र असतं आणि स्क्रीन रीडर गप्प राहतो. अशी फाईल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडली की छापील मराठी मजकूर बराचसा वेगळा काढता येतो. हस्ताक्षरावर मात्र विसंबू नये. दुसरं कारण जुने फॉन्ट, यूनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे. श्रीलिपी किंवा शिवाजीमध्ये टाइप केलेल्या फाईलमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो, म्हणून अर्थहीन इंग्रजी कानावर पडलं तर फाईल बिघडलेली नसते, फॉन्ट जुना असतो. पाठवणाऱ्याकडे यूनिकोडमधली प्रत मागा. ती नसेल तर त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरा आणि निघालेल्या मजकुरातली जोडाक्षरं आणि रफार एकदा नीट ऐकून घ्या, कारण कन्व्हर्टर सर्वांत जास्त चुकतो तो तिथेच.