सिंक झालं म्हणजे बॅकअप झाला असं नाही

रत्नागिरीजवळ आमचं ऑफिस, म्हणजे आंब्याच्या पेट्या भरायची पडवी आणि तिच्या कोपऱ्यातलं एक टेबल. तिथे एक जुना पीसी सर्व्हर म्हणून चालतो, लिनक्स आहे त्यावर, बागायतदारांचे हिशोब, वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदांचे स्कॅन, सगळं त्यातच. त्याला मी एक यूएसबी डिस्क लावली, आरसिंकची (फाईली इकडून तिकडे कॉपी करणारी कमांड) एक ओळ लिहिली, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) रात्री २ ची वेळ टाकली आणि घरात सांगून मोकळा झालो की आता बॅकअप आपोआप होतो. होत होता तो सिंक, आणि हे कळलं ऐन सीझनमध्ये.

झालं काय, भावाने एकाच्या शीटवर दुसऱ्याचीच पट्टी चढवली आणि सेव्ह केलं. चार दिवसांनी तो बागायतदार पडवीत येऊन उभा, "माझ्या बावीस पेट्या गेल्या कुठे?" मी ऐटीत डिस्क उघडली तर तिथेही तीच चुकीची शीट. असणारच ना, आरसिंकने चार रात्री इमानेइतबारे चूकच कॉपी केलेली. शेवटी कागदी पट्ट्या काढून बसलो.

तर सिंकला एवढंच कळतं की इकडे आत्ता जे आहे ते तिकडेही दिसायला हवं. बॅकअपकडे मात्र मागच्या मंगळवारची फाईल मागता आली पाहिजे. गूगल ड्राइव्हचं फोल्डरही सिंकच्याच घरातलं, फक्त त्याला कचरापेटी आहे, पण ती ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते आणि आमचे आंब्याचे हिशोब गणपतीपर्यंत चालतात. रेड १ वाले, म्हणजे एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारे, तर दोन डिस्क बघूनच खूश असतात, त्यात एक डिस्क मेली तर काम थांबत नाही हे खरं, पण पुसलेली फाईल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते.

आरसिंकला डिलीटचा पर्याय (इकडे नाही ते तिकडूनही पुसायचा) लावला असेल तर अजून एक गंमत आहे, आणि पावसात जिथे दिवसातून चारदा लाईट जाते तिथे ही नक्की वाचा. समजा डेटा वेगळ्या डिस्कवर आहे, लाईट आली, पीसी चालू झाला पण ती डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टीमला जोडलीच गेली नाही, तर तिच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर राहतं. आरसिंकला वाटतं मालकाने सगळं पुसलं, मग तो तिकडचंही सगळं पुसतो आणि एरर पण देत नाही! म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट कमांडने डिस्क जागेवर आहे का ते तपासा, नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबू दे.

आता मी रेस्टिक नावाचा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरतो. तो रोज रात्री एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळी फाईली जशा होत्या तशी नोंद, घेतो, फाईलींचे तुकडे करून फक्त नवे तुकडे साठवतो, त्यामुळे महिनाभराचे स्नॅपशॉट ठेवूनही डिस्क लगेच भरत नाही. रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ ठेवायला सांगितलेत. जुने स्नॅपशॉट यादीतून काढणारं फरगेट नुसतं चालवलं तर जागा सुटत नाही, नको असलेले तुकडे खरंच पुसणारं प्रून पण लावावं लागतं, मी यात एक संध्याकाळ घालवलीय. आणि सगळं एन्क्रिप्टेड असतं, पासवर्ड गेला की बॅकअपही गेला, म्हणून तो वहीत लिहून आईच्या कपाटात ठेवलाय.

तीच डिस्क त्याच टेबलावर ठेवून मात्र उपयोग नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा ज्यांचा पीसी आणि बॅकअपची डिस्क एकाच खोलीत होती त्यांना वेगळं सांगायला नको. माझी दुसरी डिस्क देवरुखला मामांकडे असते, महिन्यातून एकदा अदलाबदल. मामा ती तांदळाच्या डब्यात ठेवतात, दमट हवेसाठी म्हणे, मी काही बोलत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुठलीतरी एक जुनी शीट रिस्टोअर करून उघडून बघतो. गेल्या खेपेला भावालाच बसवलं, त्याने नेमकी ती बावीस पेट्यांची शीट मागितली. ती कुठून मिळणार, रेस्टिक त्यानंतर आला.