परदेशी प्रशिक्षित शिक्षक : स्थलांतर आणि कामाचे परवाने

एका देशात शिक्षक-प्रशिक्षण घेऊन दुसऱ्या देशातील शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या व्यक्तीला परदेशी प्रशिक्षित शिक्षक म्हणतात. अशा शिक्षकाला दोन निरनिराळ्या परवानग्या लागतात. एक त्या देशात राहून काम करण्याची. ती व्हिसा किंवा कामाच्या परवान्याच्या रूपाने स्थलांतर खाते देते. दुसरी तिथल्या वर्गात शिकवण्याची. ती शिक्षण खाते, शिक्षक परिषद किंवा प्रांताचे मंडळ नोंदणी करून देते. या दोन कचेऱ्या एकमेकींच्या निर्णयाला बांधील नसतात. व्हिसा मिळाला म्हणून वर्गात उभे राहता येईलच असे नाही, आणि नोंदणी झाली म्हणून देशात प्रवेश मिळत नाही. या क्षेत्रातली बरीचशी फरफट या दोन परवानग्या एकच समजल्यामुळे होते.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाला सुमारे ४ कोटी ४० लाख जादा शिक्षक लागतील. टंचाई सर्व विषयांत सारखी नाही. गणित, भौतिकशास्त्र, परकीय भाषा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण या जागा अनेक श्रीमंत देशांत रिकाम्या राहतात, आणि परदेशी शिक्षकांसाठी दार उघडते ते मुख्यतः तिथेच.

पात्रतेची पारख

पदवी कोणत्या विद्यापीठाची, एवढ्यावर पारख थांबत नाही. ऑस्ट्रेलियात शालेय शिक्षकांची पात्रता एआयटीएसएल ही संस्था तपासते. किमान ४ वर्षांचे पूर्णवेळ उच्च शिक्षण, त्यात निदान १ वर्षाचे शिक्षक-प्रशिक्षण आणि देखरेखीखाली किमान ४५ दिवसांचे प्रत्यक्ष अध्यापन, अशी तिची अट असते. यातले शेवटचे कलम सर्वांत जास्त जणांना अडवते. कित्येक अभ्यासक्रमांच्या गुणपत्रकावर सराव पाठांचे गुण असतात, दिवस नसतात. ते पाठ कोणत्या शाळेत, कोणत्या वयाच्या मुलांना, कोणाच्या देखरेखीखाली घेतले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. मग दहा-पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या महाविद्यालयाला पत्र मागावे लागते : लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, दिवस, विषय आणि वयोगट नमूद केलेले. तोवर प्राचार्य बदललेले असतात, नोंदवही सापडत नाही, पाठ टाचणाच्या वह्या कधीच रद्दीत गेलेल्या असतात. प्रशिक्षण चालू असतानाच हे पत्र घेऊन ठेवलेल्या शिक्षकाचे पुढचे कित्येक महिने वाचतात.

दुसरा अडणारा कागद म्हणजे मूळ देशातील नियामकाचे पत्र : हा शिक्षक तिथे शिकवण्यास पात्र आहे आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही, असे सांगणारे. जिथे प्रत्येक शिक्षकाची व्यक्तिशः नोंदणीच होत नाही, तिथे असे पत्र देणारी कचेरी कोणती, हाच प्रश्न असतो. दोष शिक्षकाचा नसतो, अर्ज मात्र त्याचाच रखडतो. पोलीस पडताळणीचा दाखला सर्वत्र लागतो. बहुतेक ठिकाणी तो मागील काही वर्षे राहिलेल्या प्रत्येक देशाकडून आणावा लागतो. लग्नानंतर नाव बदललेले असेल, तर पदवी, पासपोर्ट आणि अनुभवपत्र यांतील नावे जुळवणारा पुरावा वेगळा जोडावा लागतो.

कागद खरे असल्याची खातरजमा पुष्कळ देशांत अपोस्टिल या शिक्क्याने होते. १९६१ च्या हेग करारातून ही पद्धत आली. चीन या करारात ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आला, त्यामुळे तिथल्या वकिलातींच्या शिक्क्यांची जुनी साखळी पुष्कळच आखूड झाली.

भाषा

विषयाचे ज्ञान नेता येते, भाषेचे नव्याने सिद्ध करावे लागते. एआयटीएसएल इंग्रजीच्या आयईएलटीएस ॲकॅडमिक परीक्षेत वाचन व लेखनात ७, तर श्रवण व संभाषणात ८ गुण मागते. बोलण्या-ऐकण्याला जास्त वजन देण्यामागचे तर्कशास्त्र पटण्यासारखे आहे : मागच्या बाकावरून पुटपुटत विचारलेला प्रश्न शिक्षकाला पहिल्याच खेपेला कळावा लागतो. आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेत पूर्ण नोंदणी हवी असेल, तर इंग्रजीखेरीज आयरिश भाषाही यावी लागते. बाहेरून आलेल्यांना ती अट पुरी करण्यासाठी मुदतीची, सशर्त नोंदणी मिळते.

जर्मनीत भाषेच्या उच्च पातळीबरोबर आणखी एक अडथळा आहे. तिथे शिक्षक साधारणपणे दोन विषयांचा असतो. एकाच विषयात प्रशिक्षित झालेल्याला अनेक राज्यांत दुसरा विषय शिकून घ्यावा लागतो. शिक्षण हा १६ राज्यांचा स्वतंत्र अधिकार असल्याने एका राज्यात अडलेले दुसऱ्यात सुटू शकते. याच देशाने नोव्हेंबर २०२३ पासून शिक्षकांना युरोपीय ब्लू कार्डच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वास्तव्य व कामाच्या परवान्याच्या, टंचाईच्या व्यवसायांत घेतले आणि त्यांच्यासाठी वेतनाची अट शिथिल केली. स्थलांतराचे दार असे रुंद झाले, पण शिकवण्याच्या परवान्याचे दार ज्याच्या त्याच्या राज्याकडेच राहिले.

व्हिसाचे मार्ग

ढोबळमानाने तीन मार्ग दिसतात : मालकाने पुरस्कृत केलेला, देवाणघेवाणीचा आणि गुणांवर आधारलेला.

पहिल्यात शाळाच प्रायोजक असते. ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा डिसेंबर २०२० पासून असा चालतो; परवानाधारक शाळेने दिलेल्या प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय अर्जच करता येत नाही. शिकवण्यासाठीचा क्यूटीएस हा दर्जा मात्र वेगळा. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने तो आणखी काही देशांच्या शिक्षकांना खुला केला. त्यांपैकी भारत, घाना, जमैका, नायजेरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका व झिंबाब्वे या देशांच्या शिक्षकांपुढे भाषा, गणित किंवा विज्ञान आणि ११ ते १६ वयोगट एवढी मर्यादा ठेवली. सरकारी अनुदानित शाळांत परदेशी प्रशिक्षित शिक्षकाला या दर्जाशिवाय ४ वर्षे शिकवता येते. ही सवलत फसवी ठरू शकते. पहिली दोन-तीन वर्षे नव्या शाळेत रुळण्यात जातात, दर्जाचा अर्ज मागे पडतो आणि चौथे वर्ष संपत आले की नोकरी व व्हिसा दोन्ही एकदम टांगणीला लागतात. स्कॉटलंडची शिक्षक परिषद तर स्वतंत्र आहे. इंग्लंडमधला दर्जा तिथे आपोआप चालत नाही.

अमेरिकेत दुसरा मार्ग, म्हणजे जे-१ व्हिसा, शाळांच्या जास्त सोयीचा पडतो. त्यासाठी पदवी, किमान २ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, पुरेसे इंग्रजी आणि त्या राज्याच्या पात्रतेच्या अटी पूर्ण असाव्या लागतात. मुदत ३ वर्षे, वाढवून जास्तीत जास्त ५. त्यानंतर याच प्रकारात पुन्हा यायचे, तर आधी २ वर्षे अमेरिकेबाहेर राहावे लागते. हा व्हिसा सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आहे, म्हणून शिक्षकाने दरवर्षी आपल्या देशाची ओळख करून देणारा उपक्रम शाळेत किंवा समाजात घ्यावा, अशी अटच आहे. कायम वस्तीकडे नेणारा हा रस्ता नव्हे, हे आधी समजून जाणारेच इथे समाधानी राहतात.

अमेरिकेचाच एच-१बी व्हिसा पहिल्या मार्गातला, मालकाने पुरस्कृत केलेला. तो ६ वर्षांपर्यंत चालतो, पण शाळेच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसत नाही. वार्षिक मर्यादा ६५,००० अधिक अमेरिकी पदव्युत्तरांसाठी २०,००० अशी; नावे वसंतात निवडली जातात आणि काम १ ऑक्टोबरच्या आधी सुरू करता येत नाही. शाळा तोवर भरून महिना-दोन महिने झालेले असतात. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क बसवले. हा भार सार्वजनिक शाळांना पेलणारा नाही.

गुणांच्या मार्गात वय, शिक्षण, भाषा व अनुभव मोजून थेट कायम वास्तव्य दिले जाते. कॅनडाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक्सप्रेस एंट्री या योजनेत शिक्षण हा स्वतंत्र गट आणला. शालेय शिक्षकांबरोबर बालशिक्षिका आणि वर्गसाहाय्यकही त्यात येतात. मात्र त्यासाठी लागणारे शैक्षणिक समतुल्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे शिकवण्याचा परवाना नव्हे. तो प्रांताकडून मिळवायचा असतो, ओंटारिओत कॉलेज ऑफ टीचर्सकडून. परवाना येईपर्यंत अनेक अनुभवी शिक्षक साहाय्यक म्हणून दिवस काढतात. कायम वास्तव्य असल्याने निदान नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांच्या हाती असते. ऑस्ट्रेलियातही एआयटीएसएलचा अनुकूल निर्णय व्हिसापुरता असतो, नोंदणी राज्याची वेगळी. या तीन मार्गांखेरीज काही देशांच्या वेगळ्या योजनाही आहेत. दुबईत खासगी शाळांतील गुणवान शिक्षकांना २०२४ पासून दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू लागला. जपानच्या १९८७ पासूनच्या जेट योजनेत साहाय्यक भाषाशिक्षकाला पदवी पुरते, प्रशिक्षणाची गरज नसते. कसलेल्या शिक्षकाला तिथे दुय्यम भूमिका स्वीकारावी लागते.

शोषण आणि संरक्षण

प्रायोजकाच्या हाती व्हिसा असला की शिक्षकाचे बोलणे बंद होते, आणि दलालांचे फावते ते इथेच. २००७ नंतर फिलिपिन्समधून अमेरिकेतील लुईझियाना राज्यात नेलेल्या सुमारे ३५० शिक्षकांकडून भरती करणाऱ्यांनी हजारो डॉलर उकळले होते. शिक्षक न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीचे प्रकरण जास्त चटका लावणारे आहे. मालकाने भरायचे एच-१बी शुल्क तिथे शिक्षकांवर पडले होते. अमेरिकी कामगार खात्याने २०११ मध्ये १,०४४ शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलर परत करायला लावले, आणि शिक्षा म्हणून त्या शाळा-यंत्रणेला २ वर्षे नवे अर्ज व नूतनीकरण करण्यास मनाई केली. पैसे मिळाले, पण ज्यांच्या व्हिसाची मुदत त्या काळात संपणार होती त्यांची वर्गातली जागा गेली. कायद्याने ज्यांची बाजू घेतली त्यांनाच दंडाची झळ बसली.

जमैकासारख्या लहान देशांतून ब्रिटनने मोठ्या प्रमाणावर शिक्षक नेल्यावर उठलेल्या तक्रारींतून १ सप्टेंबर २००४ रोजी राष्ट्रकुलाचा शिक्षक-भरती करार झाला. भरती करणाऱ्या देशाने स्वतःच्या शिक्षकांची गरज आधी घरात भागवण्याचा प्रयत्न करावा आणि आलेल्यांना स्थानिक शिक्षकांच्या बरोबरीने वागवावे, असे तो सांगतो. तो कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे प्रत्यक्षात शिक्षकाला आधार उरतो तो नोकरीच्या करारपत्रातील मजकुराचा : विषय व इयत्ता, वेतनश्रेणी, व्हिसा व प्रवासाचा खर्च कोणाकडे, आणि नोकरी मध्येच संपली तर काय. या शेवटच्या कलमाकडे उत्साहाच्या भरात फारसे कोणी पाहत नाही. ब्रिटनच्या पुरस्कृत व्हिसात काय किंवा अमेरिकेच्या एच-१बीत काय, नोकरी सुटल्यावर दुसरा प्रायोजक शोधायला साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि शाळांची भरती वर्षातून एकाच हंगामात होते.